'सावकारी पाश': सगळ्यांनी ऐकलेला, कुणीच न पाहिलेला

'शोले' पाहिलेला नाही, असं कुणी चारचौघांत सांगितलं की बाकीचे त्याच्याकडे चमकून पाहतात. मग तो बिचारा कारणं देत बसतो. वेळ मिळाला नाही, मारामारी आवडत नाही, इतकी स्तुती ऐकली की पाहायची इच्छाच गेली, तीन तास कोण बसणार वगैरे. कारणं वेगवेगळी असली तरी त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत असते. मनात आणलं तर आज रात्री जेवण झाल्यावर तो सिनेमा पाहता येईल, ही ती गोष्ट. आपलं न पाहणं ही आपली निवड असते.

ही चैन अलीकडची आहे. आपल्याकडच्या सिनेमाला शंभरावर वर्षं झाली. त्यातला बराच काळ बहुसंख्य लोकांनी गाजलेले सिनेमे पाहिले नाहीत, ते त्यांना पाहता येत नव्हते म्हणून. कधी गाव दूर होतं, कधी खिसा रिकामा होता, कधी घरचे सोडत नव्हते, कधी सरकार. आणि काही सिनेमे तर असे आहेत की ते आता कुणालाच पाहता येणार नाहीत. ही सगळी कारणं एकाच चित्रपटाभोवती गोळा झालेली पाहायची असतील, तर १९२५ सालच्या 'सावकारी पाश'कडे जावं लागतं. तेही बुलढाण्याच्या बाजूनं गेलेलं बरं. का, ते पुढे येईलच.

मराठी सिनेमाचा कोणताही इतिहास उघडा, 'सावकारी पाश'चं नाव भेटतंच. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं काढलेला हा मूकपट. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची. प्रभातचा 'कुंकू' ज्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतला, तेच हे आपटे. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. तेव्हा ते पेंटरांच्या हाताखाली काम शिकत होते. गोष्ट सरळ आहे. सावकार खोट्या कागदपत्रांच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि शेतकरी गाव सोडून शहरात जातो, गिरणीकामगार होतो. देव नाही, राजा नाही, चमत्कार नाही. भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात इथून झाली, असं अभ्यासक मानतात.

हे वाक्य आपण वाचतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. पण हे वाक्य लिहिणाऱ्यांनी हा मूकपट पाहिलेला नाही. त्यांनी ज्यांच्या पुस्तकांतून ते घेतलं, त्यांच्यातल्याही बहुतेकांनी पाहिलेला नाही. मुंबईचे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी तरुणपणी तो पाहिला होता. अंधुक उजेडात टिपलेली एक उदास झोपडी आणि तिथे रडणारं कुत्रं, एवढं त्यांच्या मनात रुतून बसलं आणि पुढे त्यांनी ते लिहून ठेवलं. आज 'सावकारी पाश'चं जे एकमेव दृश्य सगळ्यांना 'ठाऊक' आहे, ते हेच. एका माणसाच्या आठवणीतून ते आपल्यापर्यंत आलं आहे. मूकपटातलं कुत्रं कुणाला ऐकू येत नाही, तरी ते भुंकणं शंभर वर्षं पुस्तकांतून ऐकू येत राहिलं आहे.

वाडिया मुंबईचे, सुशिक्षित आणि सुस्थितीतले. पण हा सिनेमा ज्यांच्याविषयी होता, त्यांचं काय?

गोष्टीची जमीन

चित्रपट कोल्हापूरचा असला तरी त्याच्या गोष्टीची जमीन बुलढाणा जिल्ह्यात कोसाकोसावर सापडली असती. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे रयतवारी आली. जमीन शेतकऱ्याच्या नावावर झाली, सारा ठरला. ज्याची जमीन त्याच्या नावावर, हे ऐकायला छान वाटतं. पण जी नावावर होते ती गहाण टाकता येते आणि जी गहाण टाकता येते ती जाऊही शकते. पूर्वी सावकाराला पीक ओढून नेता येत होतं, आता कोर्टाच्या हुकुमानं रान नेता येऊ लागलं.

त्यात कापूस आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खामगावची बाजारपेठ अशी फुगली की तिच्यासाठी मुख्य लोहमार्गापासून, जलंबहून, खास फाटा काढला गेला. १८७० साली त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. पण तोवर अमेरिकेतली लढाई संपून भाव उतरले होते. भाव उतरले म्हणून काढलेलं कर्ज काही उतरत नाही. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. गहाणखत, खरेदीखत, अंगठा, फिर्याद, जप्ती हे शब्द घरोघरी माहीत झाले. अखेर १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारला कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला. म्हणजे 'सावकारी पाश' पडद्यावर आला तेव्हा त्यातली गोष्ट या मुलखात ऐन भरात होती.

मग मलकापूर, मेहकर, चिखली या बाजूच्या कुणब्यानं हा सिनेमा पाहायला हवा होता, असं आपल्याला आज वाटतं. पाहणं सोपं मात्र नव्हतं.

घाटाखाली आणि घाटावर

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला, हे विचारताना अजूनही 'घाटावरचा की घाटाखालचा' असं विचारलं जातं. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरची स्टेशनं. १८६७ पासून गाडी थेट नागपूरपर्यंत जाते आहे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. तिकडे रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठाणं असलेलं बुलढाणा शहरसुद्धा घाटावर, आणि त्यालाही रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे.

सिनेमाचे डबे रेल्वेच्या पार्सलातून फिरत. त्यामुळे सिनेमाचा नकाशा म्हणजे बहुतांशी रेल्वेचाच नकाशा होता. १९२७-२८ मध्ये सरकारनं नेमलेल्या रंगाचारियार समितीनं देशभरातल्या सिनेमाची पाहणी केली. तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चित्रपटगृहं होती सुमारे तीनशे, तीही मुख्यतः मोठ्या शहरांत. बाकीच्यांसाठी तंबू. यात्रा-जत्रांत, आठवडी बाजारात फिरत्या सिनेमाचे तंबू लागत आणि खेडुतांची सिनेमाशी पहिली ओळख बहुधा तिथेच होई. तंबूवाला दोन-चार दिवसांच्या मुक्कामात पैसे वसूल करायला आलेला असे. तो काय आणणार? जे हमखास चालतं ते.

हमखास चालत होते पौराणिक चित्रपट. यावरून प्रेक्षकाला अडाणी ठरवण्याची एक रीत आहे. ती मला पटत नाही. वर्षातून एकदा यात्रेला आलेला माणूस दर्शन घेतो, पोरांना फुटाणे-रेवड्या घेतो आणि उरलेल्या आण्यात तंबूत शिरतो. तिथे कृष्ण कालियामर्दन करताना दिसला तर तो पैसा सत्कारणी लागला. आपलीच जप्ती पाहायला आपणच तिकीट का काढायचं? ती तर घरी फुकट पाहायला मिळते. या हिशेबात चूक काढणं अवघड आहे. 'सावकारी पाश' शहरांतही चालला नाही. पेंटर पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांकडे वळले.

आणखी एक अडचण होती. मूकपट म्हणजे नुसतं दृश्य, तो कुणालाही कळतो, असं आपल्याला वाटतं. पण दोन दृश्यांच्या मधे मजकुराच्या पाट्या असत. १९२१ च्या जनगणनेत देशात शंभरातले सातच लोक साक्षर होते. रामायण-महाभारताची गोष्ट पाठ असल्यामुळे पाटी वाचता आली नाही तरी बिघडत नसे. 'सावकारी पाश'ची गोष्ट मात्र नवी होती आणि तिचा सगळा पेच कागदात होता. कागद वाचता न आल्यामुळे जमीन गेलेल्या माणसाचा सिनेमा, आणि तो समजायला पुन्हा वाचता यायला हवं!

बायकांचा प्रश्न याहून वेगळा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम करायला स्त्री मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके यांनी ते केलं, हे सर्वांना माहीत आहे. पडद्यावर जायला जशी बाई तयार नव्हती, तशी पडद्यासमोर जायलाही बाईला मोकळीक नव्हती. देवादिकांचा सिनेमा असला तर घरून परवानगी मिळे. धार्मिक चित्रपटांच्या यशात त्या परवानगीचा वाटा मोठा आहे. जमीन गेल्यावर चूल कशी पेटते हे ज्यांनी सर्वांत जवळून पाहिलं, त्यांना 'सावकारी पाश'सारख्या चित्रपटाला जाण्यासाठी देवाचं निमित्त नव्हतं.

सरकारनं न दाखवलेले

याच काळात काही सिनेमे सरकारनंच लोकांपर्यंत पोहोचू दिले नाहीत. १९१८ च्या कायद्यानं सिनेमाला परवाना लागू केला. एका प्रांताच्या मंडळानं पास केलेला चित्रपट दुसऱ्या प्रांताला आपल्या हद्दीत थांबवता येई. कोहिनूर कंपनीच्या 'भक्त विदुर'मधला (१९२१) विदुर टोपी आणि खादी घालून आला. तो गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराचीत चित्रपटावर बंदी आली. प्रभातच्या 'स्वराज्याचे तोरण'ला १९३० साली 'उदयकाल' व्हावं लागलं. 'स्वराज्य' हा शब्द खुद्द शिवाजी महाराजांच्या चित्रपटातही सरकारला सोसवला नाही. १९३५ साली बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केलेल्या 'महात्मा'चा 'धर्मात्मा' झाला. नाव बदललं की प्रेक्षक सिनेमा पाहतो, पण ज्या नावाचा सिनेमा काढला होता, तो पाहत नाही.

गंमत अशी की 'सावकारी पाश'च्या वाटेत सरकार असं आडवं आल्याचं कुणी लिहीत नाही. त्याला रोखायची गरजच नव्हती. गरिबी, अंतर, निरक्षरता आणि बाजार यांनी ते काम परस्पर केलं होतं.

मुद्दल गेलं, रीळ गेलं

आता आपल्या पिढीकडे येऊ. आपल्याला अंतराची अडचण नाही, अक्षरांची नाही, पैशाची तितकी नाही. तरी आपण हा मूकपट पाहू शकत नाही, कारण तो उरलेला नाही. तो एकटाच गेला असंही नाही. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण आणि तुकडे-तुकडे मिळून उरले ते तीसच्या आसपास. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं आहे. तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

जाण्याची कारणं साधी आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती उष्ण हवेत कुजते, चिकटते, तिची भुकटी होते आणि पेटली तर पाण्यानंही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच साठ्याला आग लागून प्रभातच्या काळातला मोठा ठेवा जळाला. म्हणजे सिनेमाचं मोल सगळ्यांना कळून चुकल्यानंतरही तो वाचवता आला नाही.

दुसरं कारण ऐकलं की मात्र 'सावकारी पाश'ची गोष्टच पुन्हा डोळ्यांसमोर येते. कृष्णधवल फिल्मच्या लेपात चांदी असते. सिनेमा चालेनासा झाला की मालकाच्या लेखी त्या डब्यांची किंमत तेवढ्या चांदीपुरती उरे. संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर 'आलम आरा'च्या शोधात निर्माते अर्देशिर इराणींकडे गेले होते. वडिलांनी दाखवलेली रिळं प्रत्यक्षात उरलेली नाहीत, चांदीसाठी आपणच ती मोडली, हे इराणींच्या मुलानं नायरांना सांगितलं. देशाचा पहिला बोलपट चांदीच्या भावात गेला. यात कुणी खलनायक नाही. जे व्याज देत नाही ते मोडून मुद्दल काढायचं, हा सावकारीचा पहिला धडा आहे. ज्या हिशेबानं शेतकऱ्याचं रान गेलं, त्याच हिशेबानं रानाची गोष्ट सांगणारा एक अख्खा काळ वितळवला गेला.

मग आपण काय पाहिलं?

पेंटरांनी १९३६ साली याच नावानं, याच विषयावर बोलपट काढला. तो वेगळा चित्रपट. नावाच्या सारखेपणामुळे दोन्हींची गल्लत होते, आणि एकाचं श्रेय आणि तपशील दुसऱ्याच्या खात्यावर सहज जमा होतात.

त्याहून मोठी गल्लत आपल्या डोक्यात होते. 'सावकारी पाश' म्हटलं की तुमच्या मनासमोर एक सावकार उभा राहतोच ना? नीट पाहा, तो बहुधा 'मदर इंडिया'मधला सुखीलाला असतो. कन्हैयालाल यांनी तो १९४० च्या 'औरत'मध्ये आणि पुन्हा १९५७ च्या 'मदर इंडिया'मध्ये केला. जमीन हरवून शहरात गेलेला शेतकरी म्हटलं की 'दो बिघा जमीन'मधला, कलकत्त्यात रिक्षा ओढणारा बलराज साहनी दिसतो. तो १९५३ चा. म्हणजे आपण १९२५ च्या रिकाम्या पडद्यावर पुढचे सिनेमे लावून पाहतो आणि म्हणतो, असाच असणार. न पाहिलेला सिनेमा आपण असा उसन्या चेहऱ्यांनी भरून काढतो.

ही रिकामी जागा नुसती रिळांची नाही. कोल्हापुरातून हा चित्रपट कसा निघाला हे काढणाऱ्यांनी सांगितलं. मुंबईत तो कसा वाटला हे पाहणाऱ्यांनी लिहिलं. पण ज्याच्यावर तो काढला, त्यानं तो पाहून काय म्हटलं असतं, हे इतिहासात कुठेच नाही. 'वास्तववादी' हे प्रशस्तिपत्र दिलं ते ज्यांचं ते वास्तव नव्हतं त्यांनी. एखादा शेतकरी म्हणाला असता, "कुत्रं बरोबर रडलं, पण सावकार असा नसतो. तो गोड बोलतो, लग्नाला येतो, आहेर करतो." किंवा आणखी काही म्हणाला असता. ती साक्ष झालीच नाही. रीळ उद्या कुठे सापडलं, तरी ती साक्ष सापडणार नाही.

आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचंच आहे, असं म्हणून सुटता येत नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारनं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलढाणा होता. सावकारीवर नवा कायदा राज्याला २०१४ साली पुन्हा करावा लागला. मधल्या काळात, २००९ मध्ये, सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. विदर्भातला शेतकरी, त्याचं कर्ज, त्याची वाट पाहायला लावणारा पाऊस. महोत्सवांतून त्याचं कौतुक झालं, त्यावर लेख आले. तालुक्याच्या गावात असा सिनेमा किती दिवस लागतो, आणि पेरणीच्या दिवसांत तिथे कोण जाऊ शकतं, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. विषय ज्यांचा, ते पुन्हा तंबूबाहेर.

चित्रपट संग्रहालयं जुनी रिळं शोधतात, आणि ती कुठल्याशा गोदामात, बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर गंजक्या डब्यांत अधूनमधून सापडतातही. ते काम चालू राहायलाच हवं. पण दुसरं एक काम त्याहून सोपं आहे आणि त्याची मुदत संपत आली आहे. शेगाव, सैलानी, देऊळगावराजा इथे यात्रांना गेलेली ऐंशी-नव्वदीतली माणसं अजून घाटावर आणि घाटाखाली आहेत. त्यांनी तंबूत काय पाहिलं हे विचारावं, आणि काय पाहता आलं नाही, का आलं नाही, हेही विचारावं. आपल्या सिनेमाच्या इतिहासात पाहणाऱ्यांची नावं भरपूर आहेत. न पाहिलेल्यांचं प्रकरण अजून लिहायचं राहिलं आहे, आणि संख्येनं तेच जास्त होते.